पेटीतल्या पत्रापेक्षा दिवाळीचे लुगडे

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट राहील. आपण एक प्रेमकथा लिहिली आहे. सांगोला तालुक्यातील एका माळकरी घरातली मुलगी पुण्यात नोकरी करते आणि बालकाश्रमात वाढलेल्या एका तरुणाच्या प्रेमात पडते. ‘ज्याचे कूळ ठाऊक नाही त्याला मुलगी कशी द्यायची’ म्हणून आजी विरोध करते. पुढे आजी वारते आणि तिच्या पेटीत सापडलेल्या पत्रावरून कळते की खुद्द आजोबाच १९३८ साली आषाढी वारीहून परतताना पंढरपूरहून आणलेले अनाथ मूल होते. विरोध मावळतो, नायक माळ घालतो आणि लग्न होते. दोन वाचकांनी आपल्याला सांगितले की श्रद्धेचा भाग प्रवचनासारखा वाटतो आणि रहस्य आधीच कळते. म्हणून रहस्य कुठे उघडावे आणि श्रद्धा किती ठेवावी, असे आपण विचारले आहे. गेली सव्वीस वर्षे मी कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचण्याचे आणि संपादनाचे काम करते. त्या अनुभवावरून मला वाटते की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि दोन्हींचे उत्तर ‘कुठे’ आणि ‘किती’ यांत सापडणार नाही.

पहिली अडचण साच्याची आहे. आपण पत्रात लिहिले आहे की अमेरिकेत ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ या नावाने खपणाऱ्या कादंबऱ्या आपण पुष्कळ वाचल्या. हा प्रकार तिकडे चांगलाच रुजलेला आहे. जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ मध्ये आली, आणि १९९७ मध्ये हार्लेक्विनसारख्या मोठ्या प्रकाशकाने ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही स्वतंत्र मालिकाच सुरू केली. त्या कथांचे व्याकरण असे की नायक आणि नायिका यांच्याबरोबर देव हे तिसरे पात्र असते. दोघांपैकी एकाचा विश्वास डळमळलेला असतो, संकटात तो प्रार्थना करतो, आतून उत्तर येते, माणूस बदलतो आणि मग प्रेमाचा मार्ग मोकळा होतो. हे प्रॉटेस्टंट धर्मानुभवाशी सुसंगत आहे, कारण तिथे एकट्या माणसाचा देवाशी होणारा समेट हीच मध्यवर्ती घटना मानली जाते. वारकऱ्याच्या घरात श्रद्धा अशी एका क्षणी घडत नाही. ती वडिलांच्या गळ्यातून मुलाच्या गळ्यात येते, एकादशीच्या भगरीत असते, वर्षानुवर्षे एकाच मुक्कामाच्या एकाच ओट्यावर पथारी टाकण्यात असते. तिथे देवाला सहसा प्रश्न विचारत नाहीत, त्याच्याशी भांडतात, आणि भांडून झाले की पुन्हा टाळ हातात घेतात. आपल्या नायिकेने सोळाव्या प्रकरणात विठ्ठलापुढे उभे राहून ‘मला मार्ग दाखव’ म्हणणे आणि तिला तो दिसणे हे म्हणूनच परके वाटते. भाषा मराठी आहे, पण भक्तीची रीत मराठी नाही.

आता रहस्याकडे येते. नायक आश्रमात वाढलेला आहे आणि घर कुळाचा हट्ट धरून बसले आहे, एवढे दुसऱ्या प्रकरणात सांगितल्यावर सराईत वाचकाला ‘त्यांच्याच घरात तसे काही असणार’ हे कळतेच. ते लपवण्याचा जितका प्रयत्न कराल तितका वाचक आपल्यापेक्षा हुशार ठरत जाईल. ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखिकेने कौटुंबिक रहस्य पहिल्या तीस पानांत सांगून टाकलेली कादंबरी आणली होती. मी आग्रह धरून ते शेवटच्या प्रकरणात नेले. पुस्तक छापून आल्यावर मी ते सलग वाचले तेव्हा ध्यानात आले की मधली दोनशे पाने पात्रे केवळ माझ्या सोयीसाठी अर्धवट वाक्ये बोलत होती. फोन मध्येच कट होत होते, कोणीतरी नेमके तेव्हाच दार ठोठावत होते. मूळ मांडणीत त्या बाईंना जे साधले होते ते मी घालवले. तेव्हापासून मी म्हणते की वाचकाला रहस्य लवकर द्यावे आणि ते घरात कोण, कोणाला, कधी बोलणार याची धाकधूक त्याच्यावर सोपवावी. आपल्या बाबतीत तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस वाचकाला सगळे माहीत असले तरी काहीही बिघडणार नाही.

मात्र त्यासाठी रहस्य वजनदार असले पाहिजे. सध्या आजीने ते का लपवले याचे कारण आपण ‘लोक काय म्हणतील’ एवढेच दिले आहे, आणि ऐंशी वर्षांच्या मौनाला ते पुरत नाही. खरे कारण इतिहासात आणि कायद्यात आहे, आणि ते आपल्या कथेला फार उपकारक आहे.

पंढरपूर हे ठिकाण आपण बहुधा वारीमुळे निवडले असेल, पण ते याहूनही अधिक नेमके आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला तरी विधवेचे लग्न प्रत्यक्षात क्वचितच होई. गरोदर राहिलेल्या विधवांना यात्रेच्या निमित्ताने क्षेत्राच्या ठिकाणी आणून सोडले जाई, कारण तीर्थयात्रेला निघालेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरला १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच आश्रयस्थान सुरू झाले. प्रार्थना समाजाने ते चालवले, आणि पुढे ते नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे ज्या वाटेने दिंड्या येत होत्या त्याच वाटेने ही मुलेही जगात येत होती. कथेतल्या पणजोबांनी देवाच्या दारातून मूल आणले हे वाक्य मग अलंकारिक राहत नाही. आश्रमाच्या आतले प्रसंग लिहायचे असतील तर मात्र तिथे प्रत्यक्ष जाऊन, परवानगी घेऊन, माहिती करून घ्यावी. तिथल्या नोंदवह्या कल्पनेने रंगवू नयेत.

दुसरा धागा दत्तकविधानाचा. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा येण्यापूर्वी दत्तक द्यायचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापांना होता. ज्याचे आईबाप अज्ञात, त्याला द्यायला कोणी नाही, म्हणून अनाथ मुलाचे दत्तकविधान शास्त्रोक्त ठरत नसे. टाकून दिलेल्या आणि आईबापांचा पत्ता नसलेल्या मुलांना दत्तक देण्याची स्पष्ट तरतूद तर १९६२ च्या दुरुस्तीने आली. १९३८ साली आपल्या पणजोबा-पणजीपुढे दोनच मार्ग होते. एक तर मूल ‘वाढवलेले’ म्हणून ठेवायचे आणि आपल्यामागे भाऊबंद जमिनीवरून त्याला हाकलतील हे गृहीत धरायचे, किंवा ते पोटचे आहे असे सांगायचे. त्यांनी खोटे सांगितले ते अब्रूसाठी थोडे आणि मुलाच्या भाकरीसाठी जास्त. हे एकदा पानावर आले की आजी पुराणमतवादी म्हातारी राहणार नाही. तिच्या ‘कूळ ठाऊक नाही’ या वाक्यामागे अख्ख्या घराची मालमत्ता आणि नवऱ्याचे नाव उभे आहे, आणि नातजावई आश्रमातला आला तर गावात पुन्हा तोच विषय निघेल ही तिची भीती आहे.

यावरून मी माझ्या मुख्य सूचनेकडे येते. घराचे गुपित घटनेत नसते. घटना एकदाच घडून गेलेली असते आणि तिच्यात हाताला लागण्यासारखे फारसे उरत नाही. गुपित असते ते झाकण्यासाठी रोज कराव्या लागणाऱ्या कामात, आणि कादंबरीला लागते ते हे काम. पणजीने बाळंतपण झाल्याचे भासवले असेल तर कुठे? माहेरी, असे सांगितले असेल. मग माहेरच्या माणसांना त्यात घ्यावे लागले असेल, आणि पुढे त्यांच्याशी येणे-जाणे हळूहळू बंद पडले असेल, कारण ज्यांना ठाऊक असते त्यांच्यासमोर बसवत नाही. गावातल्या सुईणीला काय सांगितले? ती फसणारी नव्हे. समजा, तिच्या घरी दर दिवाळीला एक लुगडे जाऊ लागले. ती गेली, तिच्या सुनेला जाऊ लागले, लुगड्याची साडी झाली, तरी घरात त्याला ‘सुईणीचे लुगडे’च म्हणतात. तिसऱ्या पिढीत कोणालाच माहीत नाही की ते का द्यायचे, पण चुकवायचे नाही एवढे माहीत आहे. आपली नायिका आठ वर्षांची असताना ती पिशवी घेऊन त्या घरी गेलेली आहे आणि तिथल्या बाईने तिला करंजी देताना तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलेले आहे. आजोबांची पत्रिका मागितली की आजी पुरात गेली म्हणते, आणि दुसऱ्या वेळी वाळवीने खाल्ली म्हणते. ‘नाक कोणावर गेलंय’ हा विषय या घरात बाळाच्या बारशालाही निघत नाही. असे पाच-सहा तपशील पहिल्या शंभर पानांत पेरले तर पेटीतल्या त्या पत्राची गरजच उरणार नाही.

त्या पत्राविषयी स्पष्टच सांगते, ते काढावे. सहा पानी, शुद्ध प्रमाण मराठीतले, सर्व शंकांचे निरसन करणारे पत्र चौथी शिकलेली आजी लिहिणार नाही. आयुष्यभर एक शब्द न बोललेली बाई मरताना निबंध लिहीत नाही. कागद हवाच असेल तर त्रोटक आणि परक्या हाताचा असावा. नाशिकला अस्थिविसर्जनासाठी गेले असताना तीर्थोपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही उघडल्याचे मला आठवते. लांबट, लाल कापडात बांधलेल्या वहीत पणजोबांच्या चुलत्यांपासूनच्या नोंदी होत्या, आधी मोडीत, पुढे बाळबोधीत. एका नावापुढची जागा कोरी होती. उपाध्याय काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या ओळीवर बोट क्षणभर ठेवले आणि पुढे सरकवले. त्या कोऱ्या जागेचा अर्थ आमच्यापैकी कोणी विचारला नाही. सहा पानी पत्र जे करू शकत नाही ते त्या बोटाने केले.

आपल्या कथेत याहून उपयोगी कागद फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीचा आहे. पणजोबा १९६८ मध्ये वारतात असे आपण म्हटले आहे. वारस नोंद लागताना चुलत घराण्याने हरकत घेतली असेल, की मयतास औरस पुत्र नाही. तक्रारी नोंदींच्या वहीत एका ओळीचा तो मजकूर आणि खाली ‘हरकत मागे घेतली’ असा शेरा. हरकत मागे का घेतली? कारण ओढ्याकडची दोन एकरांची पट्टी त्यांना दिली गेली. घरातले सगळे ती पट्टी ‘मोठ्या मनाने दिली’ असे म्हणत आले आहेत. नायिका सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात जाते, जुना फेरफार मागते आणि ती ओळ तिच्या हाती येते. तिला जे कळते ते अर्धवट असते, आणि उरलेले तिने माणसांना विचारावे लागते.

इथून श्रद्धेचा भाग आपोआप कथेत येतो, कारण मग विचारायचे कोणाला आणि कुठे हा प्रश्न उभा राहतो. माझी सूचना अशी की आजीला मारू नये, आणि आजोबांना अजाण ठेवू नये. १९६८ मध्ये ते तीस वर्षांचे होते. ती हरकत त्यांनी ऐकली, पट्टी दिली आणि दिंडीची वीणा खांद्यावर घेतली. त्यांना सगळे ठाऊक आहे. आजीला ठाऊक आहे. दोघांपैकी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याला ठाऊक नाही. पन्नास वर्षांचा संसार दोघांनी एकमेकांना जपत, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत केला. आपल्या कादंबरीतली सर्वांत मोठी प्रेमकथा ही आहे, आणि सध्या ती पानावर नाही.

प्रसंग गावच्या सप्ताहात घडवावा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही, हे आपल्याला माहीत असेलच. पहाऱ्याच्या पाळ्या लागलेल्या असतात, पुढचा पहारेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चार आजोबांचा पहारा आहे. मंडपात दोन म्हातारे भिंतीला टेकून डुलक्या घेत आहेत, समई मंद झाली आहे, बाहेर कुत्रे भुंकते आहे. नायिका चहा घेऊन येते आणि फेरफाराची गोष्ट काढते. आजोबा उठून जाऊ शकत नाहीत. वीणा खाली ठेवू शकत नाहीत. तोंडात नाम चालू आहे, ते थांबवायचे नाही. त्यामुळे जे काही बोलणे होईल ते नामाच्या मधल्या फटींतून होईल.

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘रामकृष्णहरी… आजीला सांगू नको. रामकृष्णहरी… तिला वाटतं मला ठाऊक नाही.’

इथे देवाचे नाव विधानासाठी आलेले नाही. ते त्यांना पळू देत नाही आणि उभेही ठेवते. चार वाजता पुढचा माणूस येतो, नियमाप्रमाणे आजोबांच्या पाया पडतो, आजोबा त्याच्या पाया पडतात. ज्याचे कूळ कोणालाच ठाऊक नाही असा माणूस आणि पाया पडणारा गावातला प्रतिष्ठित शेतकरी, हे वाचकाला आता माहीत असल्यामुळे तिथे लेखकाने एक शब्दही बोलण्याची गरज नाही. आपल्या प्रवचनवजा भागांतील समतेची सगळी वाक्ये या एका नमस्कारात सामावतात, आणि म्हणून ती खोडता येतात.

एका गोष्टीचे मला आश्चर्य वाटले. आजोबा १९४७ साली नऊ वर्षांचे, घर पंढरपूरला वर्षातून दोनदा जाणारे, आणि हस्तलिखितात साने गुरुजींच्या उपोषणाचा उल्लेखसुद्धा नाही. १ ते १० मे १९४७ या दिवसांत गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. वारकऱ्यांमध्येच त्यावर दोन तट पडले होते. ज्याच्या घरात कोणत्या जातीचे ते ठाऊक नसलेले मूल गाभाऱ्यापर्यंत जाऊन आलेले आहे, तो दिंडीप्रमुख पणजोबा कोणत्या बाजूला उभा राहिला असेल? मला वाटते तो विरोधकांत असेल, आणि सर्वांत मोठ्या आवाजात असेल. आपण मान्य करणार नाही कदाचित. पण त्या एका प्रकरणासाठी मी हे हस्तलिखित दुसऱ्यांदा वाचेन.

आजीच्या कर्मठपणाविषयी थोडे. आपण तिला शेवटी पश्चात्ताप करायला लावले आहे. श्रद्धेचा अतिरेक कुठल्या तरी जखमेवर धरलेली खपली असतो, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच दाखवले आहे. १८५७ च्या धामधुमीत आईचे वडील फासावर गेले आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड सुरू झाले. हे त्या विनोदाने सांगतात, वडिलांचा निकाल लावत नाहीत. त्याच लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, आणि त्यांनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. प्रेम आणि धर्म समोरासमोर आल्यावर काय होते हे पाहायचे असेल तर परदेशी मालिकांकडे जाण्याआधी ती पाने वाचावीत. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी विधवांच्या दुःखाची आणि धर्माचीच आहे, आणि तिचे ऐतिहासिक मोल निःसंशय मोठे आहे. पण तिच्यातली माणसे मत मांडण्यासाठी बोलतात. आपली सध्याची नायिका या दुसऱ्या परंपरेतली आहे.

प्रेमकथेचा भाग सर्वांत दुबळा आहे, आणि दोष नायकाचा आहे. तो फार चांगला आहे. त्याला कशाचा राग येत नाही, नायिकेच्या घरच्यांचा अपमान तो हसून गिळतो, आणि शेवटी माळ घालून बक्षीस मिळवतो. आश्रमाने दिलेले आडनाव घेऊन जगणाऱ्या माणसाला लग्नाच्या अर्जातले ‘मूळ गाव’, ‘कुलदैवत’, ‘देवक’ हे रकाने भरताना काय होत असेल, हे एकदा लिहून पाहावे. तो कदाचित प्रत्येक वेळी निराळे गाव लिहीत असेल, निव्वळ गंमत म्हणून, आणि नायिकेच्या हे लक्षात येणे ही त्यांच्या प्रेमाची सुरुवात असू शकते. त्याला आपले आईबाप कोण हे जाणून घ्यायचेच नसेल तर अधिक चांगले. मग नायिका आपल्या घराचे मूळ उकरत असताना तो तिला ‘नको’ म्हणेल, आणि दोघांचे पहिले खरे भांडण होईल. सध्या त्यांच्यात जो दुरावा येतो तो गैरसमजाचा आहे, आणि एका फोनने मिटणारा दुरावा वाचक मनावर घेत नाही. शेवटी माळ घालायला लावू नये हे वेगळे सांगायला नको. त्याने दिंडीत एक मुक्काम पायी चालावे, पायाला फोड यावेत आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणावे.

भाषेचे काम नंतरचे आहे, पण एक खूण आताच करून ठेवते. माळकरी माणूस घरात ‘श्रद्धा’, ‘भक्ती’, ‘अध्यात्म’ हे शब्द फारसे वापरत नाही. तो ‘वारी चुकली नाही’, ‘माळ तुटली’, ‘आज एकादशी आहे’ असे बोलतो. हस्तलिखितात ‘श्रद्धा’ हा शब्द पात्रांच्या तोंडी जिथे जिथे आला आहे तिथे तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या जागी एखादे काम ठेवावे.

शेवटच्या प्रकरणातले चंद्रभागेच्या वाळवंटातले आजीचे भाषण आणि लग्नाचे वर्णन दोन्ही काढावेत असे मी सुचवीन. आजीने होकार द्यायचाच असेल तर तो तोंडाने देऊ नये. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे सुईणीचे लुगडे पिशवीत घालावे, आणि ‘त्याला घेऊन जा बरोबर, वाट माहीत होईल’ एवढेच म्हणावे. ती दोघे त्या घरी जातील. दार उघडणारी बाई आता सुईणीची नातसून आहे, शिकलेली आहे, आणि ती सरळ विचारील, ‘हे दरवर्षी कशाबद्दल देता हो तुम्ही?’ नायिकेने तिथे काय उत्तर द्यावे, हे मी सांगणार नाही. ते ठरले की सप्ताहाचे प्रकरण आणि हे प्रकरण एवढीच दोन मला आधी पाठवावीत, बाकीचे हस्तलिखित त्यानंतर पाहू.